वसाहती तेरा, चोरी एकच



आपण कचेरीत एकत्र गेलो की साहेब पहिलं काम करतो ते आपल्याला वेगळं बसवण्याचं. ‘दळीवाले इकडे या. एकसालीवाले तिकडे. धरणात गेलेल्यांचं खातंच दुसरं. प्रत्येकाची केस वेगळी, मोर्चा घेऊन कशाला येता?’ आपल्यातलेही काही जण मान डोलावतात. आमचा प्लॉट जुना आहे, दंडाची पावती आहे, आमचं होऊन जाईल. त्या पाड्याचं त्या पाड्याने बघावं.

या बोलण्याला उत्तर म्हणून आज लांबची गोष्ट सांगायची आहे. 1878 चा जंगल कायदा ज्या इंग्रज सरकारने आपल्या डोक्यावर ठेवला, त्या इंग्रजांनी अडीचशे वर्षं आधी समुद्रापलीकडे अमेरिकेत जमीन बळकावण्याचे सगळे डाव खेळून बघितले होते. तिथले मूळचे लोक आदिवासीच. बाया मका, घेवडा, भोपळा लावायच्या. जमीन थकली की दुसरीकडे लावायची, जुनी पडीक ठेवायची. गडी शिकारीला जायचे. जंगलातलं गवत-झुडूप वेळेवर जाळायचे. नदी सगळ्यांची, रान सगळ्यांचं.

शाळेच्या पुस्तकात असं लिहितात: अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर इंग्रजांच्या 13 वसाहती होत्या. उत्तरेला थंडी आणि खडकाळ जमीन, म्हणून मासेमारी आणि जहाजं. मधल्या भागात गहू. दक्षिणेला तंबाखू आणि भात. हवा वेगळी म्हणून धंदा वेगळा, धंदा वेगळा म्हणून समाज वेगळा. हे खोटं नाही. पण ती जमीन आधी कोणाची होती आणि तिथून ते लोक गेले कुठे, हे पुस्तक विचारत नाही. ते आपण विचारू.

आधी उत्तर. 1630 साली मॅसॅच्युसेट्स भागात इंग्रजांची मोठी टोळी उतरली. देवभक्त माणसं. मोठा जमीनदार नाही, प्रत्येकाला बेताचं शेत, गावाचं सामाईक कुरण, आणि गावाचा कारभार सभेत ठरायचा. ऐकायला चांगलं वाटतं. पण ज्यांच्या जमिनीवर ते गाव वसलं, त्यांना त्या सभेत जागा नव्हती. त्यांचा गव्हर्नर विन्थ्रॉप म्हणायचा की या लोकांनी जमिनीला कुंपण घातलेलं नाही, गुरं पाळलेली नाहीत, म्हणून त्यांना पुरेल तेवढी त्यांच्याकडे ठेवली की बाकीची मोकळीच. ओळखीचं वाटतं ना? आपल्या वरकस जमिनीकडे बोट दाखवून गार्ड काय म्हणतो? ‘हे पडीक आहे, सरकारी आहे.’

त्याच भागात उंच पाइनची झाडं होती. इंग्रज आरमाराला डोलकाठ्या हव्या होत्या. 1691 च्या सनदेत राजाने लिहून टाकलं की खासगी मालकीत न गेलेल्या जमिनीवरचं दोन फूट जाडीचं झाड राजाचं, परवान्याशिवाय तोडलं तर 100 पौंड दंड. त्या झाडांवर कुऱ्हाडीने बाणाची खूण करत. आपल्या सागावर हातोडा पडतो, त्याचा हा थोरला भाऊ.

आता दक्षिण. व्हर्जिनियात इंग्रज 1607 ला आले. तिथे तंबाखूने पैसा दिला. तंबाखू तीन-चार वर्षांत जमीन चोखून टाकते, म्हणून मळेवाल्याला सतत नवी जमीन हवी. जो कोणी विलायतेहून एक माणूस भाडं भरून आणेल त्याला 50 एकर, असा नियम झाला. आणलेला माणूस त्या भाड्यापायी चार ते सात वर्षं बांधलेला. आपल्याकडे लग्नाच्या कर्जापायी लग्नगडी बांधला जायचा, तसाच. म्हणजे मजूरही मळेवाल्याला, जमीनही मळेवाल्याला. 1619 पासून आफ्रिकेचे लोक धरून आणले, पुढे त्यांना आणि त्यांच्या लेकरांना जन्मभराचं गुलाम केलं. आणखी खाली कॅरोलिनात भाताची शेती पिकली ती याच आफ्रिकी लोकांच्या घामावर आणि त्यांच्या भातशेतीच्या माहितीवर. तिथे मूळच्या लोकांनाही पकडून गुलाम म्हणून बाहेर विकलं.

राहिला मधला भाग. पेनसिल्व्हेनियाचा मालक विल्यम पेन बराच सरळ माणूस. तो लेनापी लोकांशी बोलून, मोबदला देऊन जमीन घ्यायचा. पण तो गेल्यावर त्याच्या पोरांनी जुनं खत बाहेर काढलं. माणूस दीड दिवसात चालेल तेवढी जमीन द्यायची, असा त्याचा अर्थ लावला. लेनापींना वाटलं, माणूस चालणार म्हणजे चालणार, मधे बसणार, भाकर खाणार. 1737 साली पोरांनी आधी रानातून वाट तोडून ठेवली, तीन दमदार गडी पैसे देऊन आणले आणि त्यांना जवळजवळ पळवलं. एक जण 60 मैलांच्या पुढे गेला. दहा लाख एकरांहून जास्त जमीन एका कागदावर गेली. बंदूक लागली नाही. आपल्याकडे सावकाराला अंगठा दिलेल्या म्हाताऱ्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

म्हणजे उत्तरेला कुंपण नाही म्हणून गेली. दक्षिणेला नगदी पिकासाठी गेली. मधे कागदावर गेली. तीन भाग, तीन रीती, आणि आपसात धंदा एकच. उत्तरेची मासळी आणि मधल्या भागाचं पीठ वेस्ट इंडीजच्या साखरबेटांवर गुलामांना खायला जायचं. देवभक्तांचा गल्लाही गुलामीवर भरायचा.

आता नीट ऐका. 1637 साली उत्तरेत इंग्रजांनी पिक्वाट लोकांचं गाव पहाटे पेटवलं, बायापोरांसकट. तेव्हा शेजारचे नॅरागान्सेट लोक इंग्रजांच्या बाजूला होते. पिक्वाटांचं भांडण वेगळं, आपलं वेगळं, असं त्यांना वाटलं. 1675 च्या डिसेंबरात दलदलीतलं नॅरागान्सेटांचं ठाणंही तसंच पेटलं. मधे फक्त 38 वर्षं गेली.

आणि गरिबांचं काय झालं? 1676 ला व्हर्जिनियातले भूमिहीन गोरे, बांधलेले गडी, काही काळे गुलामही बेकन नावाच्या माणसामागे उठले. राजधानी जाळली. पण हा बेकन स्वतः मळेवाला. त्याने त्या रागाचं तोंड आधी आदिवासींकडे वळवलं, तंटा न करणाऱ्यांनाही मारलं. भूमिहीनाची मागणी खरी होती. पण जमीन मळेवाल्याकडून न मागता आदिवासीकडून ओढली. पुढे काळ्यांवर गुलामीचे कायदे आणखी आवळले, गोऱ्या गरिबाला कातडीचा मोठेपणा दिला. मळे मळेवाल्यांकडेच राहिले. आपल्या तालुक्यात भूमिहीनाला आदिवासीवर सोडणारे पुढारी आहेत. त्यांना आणि त्या भूमिहीन भावालाही ही गोष्ट सांगा.

कोणी म्हणेल, अमेरिकेचं इथे कशाला? तर 1878 चा कायदा बघा. राखीव जंगल जाहीर करायचं, ठराविक मुदतीत हक्क मांडा म्हणायचं, आणि ज्याने मांडला नाही त्याचा हक्क संपला. ज्याला वाचता येत नाही, ज्याच्या पाड्यावर दवंडीही पोचली नाही, त्याचाही संपला. इथे मोकळी जमीन आणि खत हे दोन्ही डाव एकाच कायद्यात आले.

म्हणून पावती जपा, कागद जरूर करा. पण एकट्याचा कागद लेनापींकडेही होता. दळी, एकसाली, धरण ही नावं साहेबाच्या कपाटातल्या फायलींची आहेत. आपली जमीन जाते ती एकाच दाराने. पंचनाम्याला साहेब कोणत्याही पाड्यावर आला तरी सगळ्या पाड्यांनी तिथे उभं राहायचं. कचेरीत ‘तुमची केस वेगळी’ म्हटलं की एकाने म्हणायचं, ‘वेगळी असेल साहेब, पण आम्ही एकत्र बसू.’ आणि खाली बसायचं.

ज्याला वाचता येतं त्याने हा अंक पाड्यावर वाचून दाखवावा.