पिकाच्या हिशेबाची वही

लक्ष्मीपूजनाला बाजारपेठेत वह्या पूजल्या जातात. त्याआधीच्या आठवड्यात सणाच्या खर्चासाठी निघालेल्या सोयाबीनच्या ट्रॉल्या बाजार समितीच्या दारात लागलेल्या असतात. माल शेतकऱ्याचा, पण वजन, ओलावा, भाव, उचल यांची नोंद आडत्याच्या वहीत. शेतकऱ्याच्या हाती पडते ती फक्त हिशेबपट्टी. यंदाचा अंक आम्ही शेतीशिक्षणाला वाहिला आहे, तो या उणिवेमुळे.

माहितीची वाण कुठेच नाही. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, तेव्हा शेतकऱ्याच्या मुलांना शिक्षण मिळावे म्हणून सरकारला विनवावे लागत होते. आज राज्यात चार कृषी विद्यापीठे आहेत, जिल्ह्याजिल्ह्यांत कृषी विज्ञान केंद्रे आहेत आणि मोबाइलवर सल्ल्यांचा पाऊस अखंड पडतो आहे. पण बहुतेक सल्ला पेरणीला सुरू होतो आणि काढणीला संपतो. एकरी उतारा शेतकरी चटकन सांगतो. क्विंटलमागे खर्च किती आला, असे विचारले की अंदाज सुरू होतात. घरच्या माणसांची मजुरी त्यात धरलेलीच नसते. राज्यातले सरासरी धारणक्षेत्र १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होते, ते २०१५-१६ पर्यंत १.३४ हेक्टरवर आले. एवढ्याशा रानावर अंदाजाने शेती करणे परवडत नाही.

एक साधे गणित पाहा. कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९० पासून आहे. समितीच्या गोदामात माल ठेवायचा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम ६ टक्के व्याजाने उचलायची. चार हजारांच्या क्विंटलवर तीन हजार मिळाले, तर चार महिन्यांचे व्याज होते साठ रुपये. त्यात घट आणि वाहतूक मिळवली की थांबायचे की विकायचे, हे ठरवता येते. भाव पडण्याचा धोका उरतोच. पण किती धोका पत्करतो आहोत, हे तरी कळते.

लिहून ठेवणे शेतकऱ्याला जमत नाही, हे खरे नाही. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाच्या अंशांवरून युरोपात आपली द्राक्षे अडली आणि बागायतदार पोळले. आज निर्यातीची बाग करणारा कोणते औषध, किती मात्रेत, कोणत्या तारखेला फवारले, याची काटेकोर नोंद ठेवतो. कारण समोरचा ग्राहक ती मागतो. सोयाबीन-कांद्याच्या खर्चाची वही कोणी मागत नाही, म्हणून ती लिहिली जात नाही.

शेतकरी उत्पादक कंपन्यांचे दुखणेही इथेच आहे. २००२ च्या कायद्याने दहा शेतकऱ्यांना कंपनी काढता येऊ लागली. नोंदणी झाली, फलक लागले. पुढे लेखापरीक्षण, विवरणपत्रे आणि मुख्य म्हणजे खेळते भांडवल. सभासदाला माल टाकताच रोख हवी असते. कंपनी आठ दिवसांनी देते म्हटल्यावर तो व्यापाऱ्याकडे वळतो. त्यावर ‘आपल्यात एकी नाही’ असे म्हणून आपण मोकळे होतो. संचालकाला ताळेबंद वाचायला कोणी शिकवले होते का, हे मात्र विचारत नाही.

गंमत म्हणजे हे शिक्षण अनेक घरांत आधीच पोचले आहे. बचत गटातल्या बाया दर महिन्याला बचत, कर्ज, व्याज यांची नोंदवही चोख ठेवतात. निंदणी-खुरपणीही त्याच करतात. पण पिकाचा हिशेब त्यांच्याकडे नाही आणि बहुतेकींचे नाव सातबाऱ्यावरही नाही. गावातल्या शेतीशाळेचा एक तास हिशेबाला द्या आणि त्या तासाला नवरा-बायको दोघांनाही बोलवा, एवढीच आमची मागणी आहे. पुढल्या पानांवरचे लेख ती अधिक तपशिलाने मांडतात.

 

– संपादक