गोष्टीतला हबशी

वाचनाच्या तासाला सातवीत शिवकाळावरची एक छोटी कादंबरी मुले आळीपाळीने मोठ्याने वाचत होती. जंजिऱ्याच्या सिद्दीचे वर्णन आले: काळाकभिन्न, राक्षसासारखा. मागच्या बाकावरून एकाने शेजारच्या गोंड मुलाला कोपर मारले. वर्ग हसला. तोही हसला, पण तास संपेपर्यंत त्याने मान वर केली नाही.

पुस्तक काढून घ्यावे, असे क्षणभर वाटले. पण जुन्या काळी माणसे एकमेकांचा रंग आणि वंश काढत होती, ते गोष्टीत यायलाच हवे. फक्त बोलतो कोण, हे पाहावे. एखादा सरदार गुलामाला हिणवतो, तेव्हा ते त्या सरदाराचे बोलणे. लेखक स्वतः वर्णन करताना क्रूरपणाला काळा रंग देतो, तेव्हा ती लेखकाची नजर. आणि मुले तीच उचलतात.

दुसऱ्या दिवशी मी वर्गाला मलिक अंबरची गोष्ट सांगितली. आजच्या इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला हा हबशी अहमदनगरच्या निजामशाहीचा मुख्य कारभारी झाला. त्याने जमिनीचा कस पाहून सारा ठरवला, खडकी वसवली. तेच पुढे औरंगाबाद झाले. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. जहांगीर बादशहाला तो कधीच हाती लागला नाही. मग बादशहाने आपल्या आठवणींत त्याच्या काळ्या रंगावरून अपशब्द लिहिले आणि त्याच्या तुटलेल्या मुंडक्यावर आपण बाण मारतो आहोत, असे चित्र काढून घेतले. मुलांना हेही सांगितले. विचारले, "हे बोलणे कोणाचे?" उत्तर आले, "हरलेल्याचे!"

आपल्या चंद्रपूरचा परकोट गोंड राजांनी बांधला. रोज जटपुरा गेटमधून जाणाऱ्या मुलांनाही गोष्टीतला आदिवासी म्हटले की पाने गुंडाळून नाचणारा माणूसच आठवतो.

आणि आपल्या घरात? हजरत बिलाल (रजि.) हबशी होते, हे आपण मुलांना अभिमानाने सांगतो. त्याच बैठकीत स्थळाची गोष्ट निघाली की "मुलगी रंगाने उणी आहे" म्हणतो. ऐकणाऱ्या मुलाने यातले कोणते खरे मानायचे?

म्हणून अम्मी-अब्बूंना एवढेच सांगणे: ऐतिहासिक गोष्टींचे पुस्तक जरूर आणा, पण चार पाने मुलासोबत बसून वाचा. वाईट माणसाचा रंग, नाक, ओठ यांचे वर्णन आले की थांबा आणि विचारा, "हे कोण म्हणते आहे?"

तास संपल्यावर तो गोंड मुलगा टेबलापाशी आला. "मॅडम, मलिक अंबरवर पुस्तक आहे का?" आम्ही दोघांनी वर्गाचे कपाट धुंडाळले. नव्हते. आता ते आणायचे आहे.