हवेलीतलं भूत आणि चौकातली माणसं



ऐंशीच्या दशकात आपल्या भंडाऱ्याकडं वर्गणी काढून व्हीसीआर आणायचे आणि रातभर पिक्चर चालायचे. त्यात एक भुताचा असायचाच. घोंगडीत तोंड खुपसून पाहणारे पोट्टे आज बाप झालेत. पण तेव्हा आपण भ्यालो कोणाला, हे कोणी विचारलं नाही. आज विचारू.

हे पिक्चर बहुतेक रामसे बंधूंचे. फाळणीत कराचीहून आलेलं कुटुंब, सात भाऊ. १९७० साली त्यांच्या 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' मध्ये पृथ्वीराज कपूर राक्षसाचा मुखवटा घालून चोरी करतो, असा सीन होता. पिक्चर आपटला, पण त्या सीनला लोक येत होते. भावांनी हे हेरलं. कोणी कॅमेरा धरला, कोणी आवाज, कोणी कात्री, कोणी डायरेक्शन. सेटला पैसा नाही, म्हणून महाबळेश्वर गाठलं. १९७२ साली 'दो गज जमीन के नीचे' आला आणि चालला. त्याच साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. तिकडं भीती विकायला निघाली, इकडं भीती फेकून द्यायला.

कसब खोटं नव्हतं. हॉररची करामत भूत दाखवण्यात नसते, लांबवण्यात असते. दार करकरतं. कॅमेरा पाठीमागून सरकतो, जणू कोणी बघतंय. संगीत चढतं आणि एकदम थांबतं. मांजर उडी मारते, आपण हसतो, सैल पडतो. तेव्हाच हात येतो.

पण साचा म्हटला की नियम आले. 'पुराना मंदिर' (१९८४) घ्या. राजा हरिमानसिंह सामरी नावाच्या सैतानपूजकाचं मुंडकं उडवतो. सामरी शाप देतो की राजघराण्यातल्या बाया बाळंतपणात मरतील. दोनशे वर्षांनी ठाकूर हळहळतो, त्याची पोरगी किंचाळते, आणि आपणही तिच्यासंगं किंचाळतो. वाडा कोणाच्या घामावर उभा राहिला, हा प्रश्न पिक्चरला पडत नाही. वाड्यातला तो बिचारा, बाहेरचा तो भयानक. भीती येणार ती मसणवट्यातून, जंगलातून, मांत्रिकाकडून, केस मोकळे सोडलेल्या बाईकडून. शेवटच्या रिळात राक्षस मेला की गाव पवित्र!

आता गावाचा नकाशा काढा. मसणवटा कुठं? गावकुसाबाहेर. आपली वस्ती कुठं? गावकुसाबाहेर. भुताला आणि आपल्याला गावानं एकाच बाजूला बसवलं. म्हणून पडद्यावरचा नियम गावात उतरायला वेळ लागत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवती तालुक्यात, वणी (खुर्द) गावी, करणीच्या संशयावरून दलित बायांना, म्हाताऱ्यांना चौकात बांधून मारलं. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली झाला होता. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून पडल्यावर झाला.

आणि आपल्या जिल्ह्यात काय झालं? २९ सप्टेंबर २००६. मोहाडी तालुका, खैरलांजी. सुरेखा भोतमांगे यांनी मारहाणीच्या केसमध्ये जबाब दिला होता. कुटुंबाची जमीनही डोळ्यात सलत होती. संध्याकाळी सुरेखाबाई, प्रियंका, रोशन, सुधीर या चौघांना घरातून ओढून मारलं. प्रेतं कालव्यात टाकली. ना अमावस्या, ना हवेली, ना शाप. ओळखीचे चेहरे होते. रोज रामराम घालणारे.

मग सभ्य लोक म्हणाले, राक्षसी कृत्य! नाही दोस्तहो. राक्षस म्हटलं की गाव सुटतं. २००८ साली भंडाऱ्याच्या विशेष कोर्टानं आठ जणांना दोषी धरलं, सहांना फाशी दिली. २०१० साली हायकोर्टानं ती पंचवीस वर्षांच्या कैदेवर आणली. पण दोन्हीकडं ॲट्रॉसिटी कायदा लागला नाही. भूत आहे पण दिसत नाही, हा हॉररचा सगळ्यात जुना नियम. कोर्टात जात तशीच अदृश्य झाली.

साचा मोडता येत नाही असं नाही. १९६८ साली अमेरिकेत जॉर्ज रोमेरोनं 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' काढला. काळा नायक रातभर मुडद्यांशी झुंजून जगतो. सकाळी त्याला गोळी घालतात ती बंदूक घेऊन फिरणारी जिवंत माणसं. २०१६ साली आपल्या नागराज मंजुळेनं 'सैराट'चा शेवट असाच केला. माहेरचे आहेर घेऊन येतात. घरात चहा होतो. मग लेकराची रक्ताळलेली पावलं, आणि आवाज बंद. त्या एका शांततेपुढं रामसेंचं सगळं किंचाळणं फिकं आहे.

आज प्रत्येक पोराच्या खिशात मोबाईलमध्ये कॅमेरा आहे. पिक्चर काढा. हॉररच काढा. लांबवण्याचं कसब रामसेंकडून शिका, लाज कशाची? पण कॅमेरा मसणवट्याकडून गावाकडं फिरवा. बाईचं उघडं अंग दाखवून गल्ला भरू नका. अत्याचाराचा तमाशा करू नका. उजेडातला चौक दाखवा, खिडकीआडून पाहणारं गाव दाखवा. आणि शेवटच्या रिळात कोणालाही पवित्र करून सोडू नका.

आपले म्हातारे सांगत, "भुताले काय भेतं बे? भुतानं कोणाचं घर जाळलं?"

तेवढं ध्यानात ठेवा. जयभीम!