पाया कच्चा राहिला तर?

वरच्या गणिताची गोडी लागलेला मुलगा एकटाच पुस्तके घेऊन बसला, की घरच्यांना कौतुक वाटते आणि काळजीही. मागचे कच्चे असताना पुढचे जमेल का?

१९०३ साली कुंभकोणमला शाळेत शिकणाऱ्या रामानुजन यांच्या हाती कार यांचा ग्रंथ पडला. त्यात हजारो सूत्रे होती, सिद्धता मात्र अगदी त्रोटक. रामानुजन ती सूत्रे पाटीवर स्वतः पडताळत बसले. या नादात इतर विषय मागे पडले, शिष्यवृत्ती गेली, एफ. ए. च्या परीक्षेतही अपयश आले. १९१३ मध्ये त्यांनी हार्डींना पाठविलेली सूत्रे थक्क करणारी होती. पण मूळ संख्यांविषयीचे त्यांचे काही दावे चुकीचे निघाले. काटेकोर सिद्धतेचे शिक्षण त्यांना केंब्रिजला गेल्यावरच मिळाले.

असामान्य बुद्धीची ही कथा, तर इतरांनी पाया तपासायलाच हवा. कॅल्क्युलस अडते तेव्हा पुष्कळदा बीजगणित अडलेले असते. ३ आणि ४ यांच्या बेरजेचा वर्ग ४९. त्यांच्या वर्गांची बेरीज २५. हा फरक अक्षरांत मांडताना जो चुकतो, त्याने आठवी-नववीची पुस्तके पुन्हा काढावीत. त्यात कमीपणा नाही. सोडविलेले उदाहरण वाचून पुस्तक मिटावे, तेच कोऱ्या कागदावर करावे, अडेल तिथे खूण करावी. आठवड्यातून एकदा ती वही जाणत्या माणसाला दाखवावी.

चूक दाखविणारे कोणीतरी रामानुजन यांनाही लागलेच!