ज्या शहराचे पोस्टकार्ड नाही

स्वतःच्या शहराची नवी दृश्ये शोधत वर्षानुवर्षे हिंडणारा छायाचित्रकार हा आपल्याकडे समीक्षेचा विषय फारसा झालेला नाही. कवीचे शहर, कादंबरीकाराचे शहर यांवर आपण प्रबंध लिहून घेतो. मर्ढेकरांची मुंबई, भाऊ पाध्ये यांची मुंबई, ढसाळांची मुंबई हे आपल्या अभ्यासक्रमातले ठरलेले मुक्काम आहेत. छायाचित्रकाराचे शहर मात्र दिनदर्शिकेच्या पानावर, नाही तर दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर संपते. त्याच्याविषयी बोलण्याची वेळ आलीच, तर ‘वेगळा कोन’ हा एकच शब्दप्रयोग आपल्या हाताशी असतो. अमक्याने आपले शहर वेगळ्या कोनातून दाखवले, असे म्हटले की परीक्षण संपले. माझे भांडण या ‘कोना’शी आहे. पालघर आणि बोईसर-तारापूर या पट्ट्यात अध्यापन करताना ते भांडण उत्तरोत्तर वाढतच गेले आहे.

आधी मुंबईकडे पाहू, कारण या विषयातली महत्त्वाची उदाहरणे तिथलीच आहेत. सूनी तारापोरवाला हे नाव आपल्याला ‘सलाम बॉम्बे’ची पटकथाकार म्हणून ठाऊक असते. पण १९७७ पासून चाळीस वर्षे त्यांनी मुंबईची छायाचित्रे काढली आणि २०१७ मध्ये ती ‘होम इन द सिटी’ या नावाने पुस्तक आणि प्रदर्शन या दोन्ही रूपांत समोर आली. हार्वर्डला शिकायला गेलेली मुलगी कॅमेरा घेऊन घरी परत येते आणि आजी-आजोबा, शेजारी, रस्ता, समुद्र यांच्याकडे पाहू लागते, अशी त्या कामाची सुरुवात आहे. या छायाचित्रांत चमत्कृतीचा कोन जवळजवळ नाही. बहुतेक चित्रे माणसाच्या डोळ्याच्या उंचीवरून, चार पावलांच्या अंतरावरून घेतलेली आहेत. त्यांचे नवेपण निराळ्या ठिकाणी आहे: घरातल्या माणसांनी कॅमेऱ्याकडे लक्ष देणे सोडून दिले आहे. पाहुण्या छायाचित्रकाराला हे सहसा मिळत नाही.

याउलट रघुबीर सिंग. जयपूरला जन्मलेला, पॅरिस-लंडन-न्यूयॉर्कमध्ये राहिलेला हा माणूस १९९४ मध्ये ‘बॉम्बे: गेटवे ऑफ इंडिया’ हे रंगीत छायाचित्रांचे पुस्तक देतो आणि त्यात दुकानांच्या काचा, आरसे, प्रतिबिंबे यांतून शहर एकावर एक रचलेले दिसते. कोनाचा खेळ म्हणाल तर तो इथे आहे, आणि तो थोर आहे. तरीही ही मुंबई तिच्याकडे पाहायला आलेल्या माणसाची आहे, हे पानोपानी जाणवते. यात कमीपणा नाही. फरक आहे, एवढेच.

तिसरे उदाहरण सुधारक ओलवे यांचे. मुंबई महानगरपालिकेच्या सफाई कामगारांची त्यांनी केलेली कृष्णधवल छायाचित्रे आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांनी शहर बदलले नाही, रस्ताही बदलला नाही. जिथे सगळे वर चढून पाहतात तिथे ते खाली उतरले, गटाराच्या तोंडाशी, कचऱ्याच्या गाडीपाशी. इतकी वर्षे छापली गेलेली मुंबई त्या चित्रांत अनोळखी वाटते, याचे श्रेय भिंगाला देता येत नाही. कोणाच्या सोबत उभे राहायचे हा तो निर्णय होता. मराठी वाचकाला हे उमजायला अवघड जाऊ नये. ‘गोलपिठा’ने १९७२ मध्ये मराठी कवितेत जे केले, तेही भाषेइतकेच उभे राहण्याच्या जागेशी निगडित होते.

आता पश्चिम रेल्वेने विरारच्या पुढे यावे. मुंबईच्या छायाचित्रकाराची अडचण अशी की त्याच्या आधी लाखो चित्रे निघालेली असतात. त्याला गर्दीतून नवे दृश्य हुडकायचे असते. आमच्या पट्ट्याची अडचण बरोबर उलटी आहे. येथे पहिलेच दृश्य ठरलेले नाही. बोईसरचे पोस्टकार्ड कधी कोणी पाहिले आहे काय? केळव्याचा समुद्र, शिरगावचा किल्ला, सातपाटीच्या होड्या यांची चित्रे निघतात, कारण ती आधीच चित्रासारखी आहेत. पालघरच्या पाचबत्तीपाशी १४ ऑगस्ट १९४२ च्या गोळीबारातल्या पाच हुतात्म्यांचे स्मारक आहे. तेथे वर्षातून एकदा कॅमेरे जमतात. बोईसर स्टेशनाच्या पूल-जिन्यावरची पाळी सुटतानाची गर्दी, कामगारांच्या खोल्यांबाहेर वाळणारे कपडे, नाल्याचा बदलता रंग हे ‘दृश्य’ या सदरात मोडतच नाही. वर्गात ‘माझे शहर’ असा विषय दिला तर बोईसरमध्ये जन्मलेली मुलेही मरीन ड्राइव्हचे वर्णन लिहून आणतात, आणि ते वाईट नसते.

शिवाय येथे नावाचाच घोळ आहे. तारापूर म्हटले की तीन निरनिराळ्या जागा समोर येतात. एक जुने गाव, चिंचणीच्या शेजारचे, ज्याचा पोर्तुगीज किल्ला चिमाजी अप्पांच्या मोहिमेत १७३९ मध्ये मराठ्यांनी घेतला. दुसरे अणुऊर्जा केंद्र, देशातले पहिले, ज्यातून १९६९ पासून व्यापारी तत्त्वावर वीजनिर्मिती सुरू झाली. तिसरे तारापूर औद्योगिक क्षेत्र, जे प्रत्यक्षात बोईसरला आहे. जगाला ठाऊक असलेले तारापूर हे दुसरे आणि तिसरे. पहिले आपल्याच नावाच्या मागे दडून बसले आहे. छायाचित्राखाली नुसते ‘तारापूर’ लिहिले तर ते चित्र कशाचे, हे वाचणाऱ्याच्या मनावर अवलंबून राहते.

आणि जे तारापूर सर्वांत प्रसिद्ध, त्याचे छायाचित्र काढण्यास मनाई. शासकीय गुपिते अधिनियम १९२३ चा है बडगा अशा प्रतिबंधित जागांभोवती असतो, आणि अणुकेंद्राच्या बाबतीत त्याचे कारण समजण्यासारखे आहे. मी त्याविरुद्ध तक्रार करणार नाही. परंतु गावाच्या सर्वांत ठळक आकृतीकडे कॅमेरा वळवता येत नाही, याचा परिणाम गावाच्या पाहण्यावर होतोच. मनाई कुंपणापाशी संपते, सवय मात्र आत उतरते. कारखान्याच्या फाटकासमोर, जेट्टीवर, फलाटावर मोबाइल काढला की शेजारचा हळूच विचारतो, ‘कशाला काढताय?’ त्या प्रश्नाला कायद्याचा आधार नसतो, पण हात खाली येतो.

येथे योसेफ सुडेक आठवतो. पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेला हा प्रागचा छायाचित्रकार. नाझी अंमलात कॅमेरा घेऊन रस्त्यावर फिरणे अवघड झाले, तेव्हा त्याने आपल्या कार्यशाळेच्या खिडकीचीच छायाचित्रे काढायला घेतली आणि १९४० ते १९५४ अशी चौदा वर्षे तो ती काढत राहिला. धुके धरलेली काच, पलीकडे एक वाकडे झाड, कधी बर्फ, कधी थेंब. मनाईने त्याचे शहर आक्रसून एका चौकटीएवढे केले आणि त्या चौकटीतून त्याने जे प्राग दाखवले ते नंतर १९५९ च्या त्याच्या भव्य पॅनोरामांतही तितके जवळचे वाटत नाही, असे माझे मत आहे. अरुण कोलटकरांचे वाचक ही रीत ओळखतील. वेसाइड इनच्या टेबलाशी बसून काळ्या घोड्याचा तो एक तुकडा त्यांनी वर्षानुवर्षे पाहिला, आणि २००४ मध्ये, त्यांच्या मृत्यूच्या वर्षी, ‘काळा घोडा पोएम्स’ प्रसिद्ध झाले. पुस्तक इंग्रजीत आहे म्हणून आपण त्याला मराठी विभागाच्या दाराबाहेर उभे करतो. असो.

आता ड्रोनविषयी. गेल्या दहा वर्षांत जिल्ह्याजिल्ह्यांतून ‘आपले शहर कधीही न पाहिलेले’ अशा मथळ्याची चित्रे वरून घेतलेली असतात. २०१४ मध्ये पालघर जिल्हा झाला, सिडकोने नवे मुख्यालय उभारले आणि ते हवेतून घेतलेल्या चित्रांचे लाडके झाले. आकाशातून पाहण्याला माझा सरसकट विरोध नाही. उद्धव ठाकरे यांच्या ‘महाराष्ट्र देशा’ या २०१० च्या पुस्तकात किल्ल्यांची हवाई चित्रे आहेत आणि डोंगराच्या माथ्यावर तटबंदी कशी वळली हे खालून पाहणाऱ्याला कधीच कळले नसते. गोपाळ बोधे यांनी आकाशातून टिपलेल्या किनाऱ्यांबद्दलही हेच म्हणता येईल. किल्ला ही मुळात वरून समजणारी वस्तू आहे, कारण तो नकाशा मनात धरूनच बांधलेला असतो. बोईसर तसे नाही. ते कोणी आखून बांधलेले नाही. कारखाने आले, खोल्या उठल्या, उत्तर प्रदेश-बिहार-ओडिशातून माणसे आली, एप्रिल २०१३ मध्ये लोकल डहाणूपर्यंत धावू लागली तशी मुंबईला रोज जाणारीही राहायला आली. हे सारे तीनशे फुटांवरून पाहिले की पत्र्यांची एक सुबक नक्षी उरते. रासायनिक सांडपाण्याचा नालासुद्धा वरून सुंदर दिसतो, ही त्या कोनाची खरी अडचण. नवापूर-दांडीच्या किनाऱ्यावर ज्यांच्या जाळ्यात काय येते आणि काय येत नाही हा प्रश्न आहे, त्या मांगेला समाजाच्या परिषदेला राष्ट्रीय हरित लवादाकडे जावे लागले आणि लवादाने उद्योगांना भरपाईचा आदेश दिला. तो नाला कशाचा आहे, हे पाण्याजवळ उभे राहूनच कळते. तिथे वास असतो.

या पट्ट्यातला सर्वांत मोठा दृश्यकलावंत छायाचित्रकार नव्हता. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे १९७० च्या दशकात कागदावर आणि कापडावर वारली चित्रे काढू लागले, २०११ मध्ये पद्मश्री झाले, २०१८ मध्ये गेले. त्यांचे मासेमारीच्या जाळ्याचे चित्र पाहावे: सबंध पृष्ठभागावर पसरलेले जाळे, जसे वरून दिसावे तसे, आणि माणसे मात्र बाजूने, चालती, वाकलेली. वारली चित्रात शेत वरून दिसते, घर समोरून दिसते आणि घराच्या आतली कणगीही दिसते. एका ठिकाणी उभे राहून हे दिसणे शक्य नाही. ज्याने ते शेत तुडवले आहे आणि त्या घरात जेवण केले आहे, त्यालाच हे सारे एकदम ठाऊक असते. कॅमेऱ्याला ही मुभा नाही. त्याला एका क्षणी एकाच जागी असावे लागते. म्हणून छायाचित्रकाराने तेच ज्ञान एका चित्रात कोंबू नये, अनेक वर्षांच्या अनेक चित्रांत ते साठू द्यावे. तारापोरवाला यांची चाळीस वर्षे आणि सुडेकची चौदा वर्षे मला या अर्थाने महत्त्वाची वाटतात.

ही चर्चा निवांतपणी करण्याची सोय आमच्याकडे आता उरलेली नाही. तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या संचांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे हलवली गेली. तेव्हा प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा नव्हता. ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराची पायाभरणी झाली. सुमारे ७६ हजार कोटींचा हा प्रकल्प असून त्यासाठी समुद्रात भराव घालून १,४४८ हेक्टर जमीन तयार करायची आहे. मच्छीमारांचा त्याला कित्येक वर्षांचा विरोध आहे आणि बंदर हवे म्हणणारेही आहेत. त्या वादात कोणत्याही बाजूला असलात तरी ओहोटीला उघडा पडणारा तेथला खडकाळ पट्टा पूर्वीसारखा राहणार नाही, हे मान्य करावे लागते. बंदराची चित्रे निघतील, भरपूर निघतील, आणि ती वरूनच निघतील. बंदराआधीच्या किनाऱ्याची चित्रे कोण काढणार?

येजे-जा करणारे व्यावसायिक छायाचित्रकार यात मदत करतील, पण हे काम त्यांच्यावर सोडता येणार नाही. ते तेथे राहणाऱ्यांचे आहे आणि, माझ्या मते, जिल्ह्यातल्या मराठी विभागांचेही आहे. आपण लोकगीते गोळा करतो, म्हणी गोळा करतो, बोलींचे कोश करू म्हणतो. मग चिंचणीपासून वाढवणपर्यंतच्या किनाऱ्यावर ठरलेल्या दहा-बारा जागी, दर महिन्याला, त्याच उंचीवरून एक छायाचित्र का घेऊ नये? विद्यार्थ्यांकडे मोबाइल आहेतच. सुंदर चित्राला गुण देऊ नयेत. चुकवलेल्या महिन्याचे मात्र कापावेत. चित्राखालची ओळ प्रमाण मराठीत आपण लिहू नये. बांबूवर वाळणाऱ्या बोंबलांच्या रांगेला, होडीच्या त्या विशिष्ट भागाला, पाण्याच्या त्या वेळेला मांगेली, वाडवळी किंवा वारली बोलणारा माणूस काय म्हणतो ते त्याच्याकडून विचारून घ्यावे, त्याच उच्चारात लिहावे. चित्रातल्या माणसाची संमती घ्यावी आणि एक प्रत त्याच्या घरी पोहोचवावी. अणुकेंद्राच्या दिशेला कॅमेरा नेऊ नये. कुठे नकार आला, तर वाद न घालता परत फिरावे. मात्र त्या महिन्याच्या रिकाम्या जागी तारीख टाकून लिहून ठेवावे की येथे चित्र घेऊ दिले नाही, आणि काय कारण सांगितले.