बोलावणे वेळेत हवे

‘डॉक्टर, दूधच येत नाहीये.’ दुसऱ्या दिवशीच्या राउंडला हे वाक्य ऐकले नाही असा आपल्यात कोणी नसेल. त्यावर पावडरच्या दुधाची चिठ्ठी लिहून पुढच्या खाटेकडे वळणे किती सोपे असते, हेही आपण जाणतो. घरी गेल्यावर बाटली रुळते, स्तनाग्रांना चिरा पडतात, आई पाजायला घाबरू लागते. मग आपण स्तनपान सल्लागाराचा नंबर देतो. तोवर त्या सल्लागाराचे निम्मे काम अवघड झालेले असते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील ८८.६ टक्के बाळंतपणे दवाखान्यांत झालेली दिसतात. जन्मानंतर तासाभरात अंगावर पाजलेली बाळे मात्र ४१.८ टक्केच. बाळंतपण आपल्या हातून होते आणि पहिला तास निसटतो. याचा दोष मध चाटवणाऱ्या आजीवर ढकलता येणार नाही.

चांगली सल्लागार खाटेशी काय करते, ते एकदा उभे राहून पाहावे. आई पाठीत वाकलेली, बाळ उताणे, मान तेवढी वळलेली. ती आधी आईच्या पाठीला उशी देते. बाळाचे पोट आईच्या पोटाला लागेल असे त्याला कुशीवर वळवते, तोंड मोठे उघडेपर्यंत थांबते आणि मगच स्तनाशी आणते. हनुवटी स्तनाला टेकली, खालचा ओठ बाहेर वळला, की ती गिळण्याचा आवाज ऐकत बसते. पकड बसली नाही तर बोट घालून सोडवते, पुन्हा लावते. गरज पडली तर हाताने चीक काढून चमच्याने पाजायला शिकवते. पहिल्या दिवशी बाळाला एका वेळी काही मिलिलिटरच लागतात, हे आईला आणि सासूला पटवायला तिच्याजवळ वेळ असतो. आपल्या राउंडला तो नसतो, हे मान्य करू या. विनाकारण दिलेली प्रत्येक बाटली स्तन रिकामे होण्याची एक पाळी चुकवते, आणि स्तन रिकामे झाले नाहीत तर दूधही कमी बनते.

अर्थात सल्लागार डॉक्टरची जागा घेत नाही. बाळ मलूल आहे, लघवी कमी होते आहे, कावीळ वाढते आहे, वजन जन्मवजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक उतरले आहे, तर निर्णय बालरोगतज्ज्ञाचाच. पूरक दूध द्यावे लागलेच, तर ते किती, कशाने द्यायचे आणि कधी थांबवायचे, हे मात्र तिला सोबत घेऊन ठरवावे. दूध-पावडर कंपनीशी तिचे लागेबांधे नाहीत ना, हेही विचारून घ्यावे. १९९२चा शिशुदुग्धपर्यायविषयक कायदा आपल्यासारखाच तिलाही लागू आहे.

तालुक्याच्या गावी सल्लागार मिळत नाही, ही अडचण खरी आहे. तिथे वॉर्डातल्या एका सिस्टरला या कामाचे प्रशिक्षण द्यावे, आणि ती ते करत असताना तिच्यावर दुसरे काम टाकू नये.

या महिन्यापासून केसपेपरवर एक ओळ वाढवा: बाळ अंगावर पिताना कोणी, किती वाजता पाहिले. ती ओळ कोरी असेल, तर डिस्चार्जवर सही करू नका.