बारा लाख 'दाखवायचे' कुठून?

हॉस्टेलवर सध्या जीआरई, आयईएल्टीएसच्या गप्पा जोरात आहेत. स्कोअर सगळे सांगतात, बँक बॅलन्सबद्दल मात्र कुणी बोलत नाही. आणि मित्रांनो, खरी परीक्षा तिथेच आहे!

शिरूर अनंतपाळच्या माझ्या चुलतभावाला, दादाला, जर्मनीत एम.एस.ला अॅडमिशन मिळाली. मी कॉन्व्हेंटची, म्हणून घरातले सगळे इंग्रजी कागद माझ्याकडेच येतात. त्यात होतं : व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये ११,९०४ युरो भरा. सप्टेंबर २०२४ पासूनचा हा आकडा. महिन्याला ९९२ प्रमाणे वर्षाचे. म्हणजे आपले बारा लाख तरी! मी कॅल्क्युलेटर काढला. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. बारा लाखांना सव्वादोनशे क्विंटल लागतं. एकरी आठ क्विंटल धरलं तरी अठ्ठावीस एकर, तेही बियाणं-खताचा खर्च न धरता (आणि हमीभाव खरंच मिळाला तर). काकांची जमीन पाच एकर.

काका म्हणाले, "अगं, पाच एकराची किंमत बारा लाखापेक्षा लई जास्त हाय की. सातबारा दाखव त्यांना!"

पण सातबारा चालत नाही, पैसाच लागतो. मग एज्युकेशन लोन? साडेसात लाखांच्या वर बहुतेक बँका तारण मागतात, आणि शेतजमीन सहसा घेत नाहीत, कारण २००२ च्या सरफेसी कायद्याखाली तिच्यावर टाच आणता येत नाही. शेतकऱ्याची जमीन वाचवणारी तरतूद अशी त्याच्याच पोराच्या आड येते.

मग एक एजंट भेटला. म्हणाला, जर्मनी सोडा, ब्रिटनचं बघा. तिथे रक्कम सलग २८ दिवस खात्यात दिसली की झालं. पैसे मी ठेवतो, तुम्ही फक्त व्याज द्या. सगळेच करतात म्हणे! मला हे साफ चूक वाटतं, आणि फक्त पकडलं गेलं तर व्हिसा जातो म्हणून नाही. काम झालं की तो पैसा परत जातो आणि मुलगा परक्या देशात रिकाम्या खिशाने उतरतो. कॅनडाने १९०८ मध्ये आशियातून येणाऱ्यांकडे २०० डॉलर मागितले, ते आपल्या लोकांना अडवायलाच. जर्मनीचा नियमही अडवतोच, पण निदान तो पैसा पोराच्याच जेवणाखाण्याला पुरतो.

काकूंनी सगळं ऐकून एकच विचारलं, "म्हणजे पैसे त्यालाच मिळतेत ना परत?" हो म्हटलं. आता दीड एकर विकायचं की कसं, यावर घरात बोलणं चालू आहे.